स्टालिनग्राडची आर्मी आणि आजची आठवी गार्ड्स: एकच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "स्टालिनग्राड लढवणारी ६२वी आर्मी पुढे ८वी गार्ड्स आर्मी झाली आणि तीच आज युक्रेनमध्ये लढते आहे, असं एका व्हिडिओत १९४२ पासून २०२२ पर्यंत सरळ बाण काढून दाखवलं होतं. दुसरीकडे वाचलं की ही आर्मी १९९८ सालीच बरखास्त झाली. मग खरं काय? आणि महायुद्ध संपल्यावर मधली पन्नास वर्षं ती करत काय होती?"

तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, गोंधळ तिथूनच होतो. आर्मी बरखास्त झाली होती आणि आज त्याच नावाची आर्मी लढतेही आहे. तेव्हा तारखा सांगून तुमचं समाधान होणार नाही. फौजेतली एखादी रचना "तीच" आहे हे कशावरून ठरवायचं, असा तुमचा खरा प्रश्न आहे. माझी नोकरी पायदळात झाली, शेवटची काही वर्षं परदेशी फौजांची रचना शिकवण्यात गेली, आणि निवृत्तीनंतरही ते वेड सुटलेलं नाही. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आर्मी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अख्खं भूदल येतं. सोव्हिएत व्यवहारात मात्र क्रमांक लावलेली आर्मी म्हणजे तीन-चार डिव्हिजन हाताळणारी रचना. आपल्याकडच्या कोअरच्या जवळपास धरा. तिचं स्वतःचं, कायमचं असं काय असतं? मुख्यालय, दळणवळण, थोडा तोफखाना आणि क्षेपणास्त्रं, रसद. लढणारा मोठा भाग डिव्हिजनमध्ये असतो, आणि डिव्हिजन आज या आर्मीत तर उद्या त्या आर्मीत. सप्टेंबर १९४२ मध्ये व्होल्गा ओलांडून जळत्या स्टालिनग्राडमध्ये शिरलेली रोदिम्त्सेव यांची १३वी गार्ड्स डिव्हिजन घ्या. ६२व्या आर्मीचं नाव काढलं की पहिली तीच आठवते. पण युद्ध संपलं तेव्हा ती ५व्या गार्ड्स आर्मीत होती. म्हणजे खुद्द युद्धाच्या काळातसुद्धा आर्मी म्हणजे ठरावीक माणसांचा संच नव्हता.

आपल्याकडे हे पटायला जड जातं, कारण आपली सवय पलटणीची. मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण १७६८ पासून सलग चालत आली आहे. ब्रिगेड बदलली, डिव्हिजन बदलली, राज्यकर्ते बदलले, पलटण तीच. सोव्हिएत पद्धतीत ही सलगता बटालियनकडे नसते. ती रेजिमेंट किंवा डिव्हिजनचा आकडा, किताब, पदकं आणि निशाण यांच्याकडे असते, आणि या गोष्टी कागदावर एका जागेवरून दुसरीकडे देता येतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगायचो की मुख्यालय कुठे गेलं, डिव्हिजन कुठे गेल्या, छावणी कुठली आणि निशाण कुणाकडे, हे चार धागे वेगळे काढून पाहा. तुमच्या व्हिडिओवाल्याने चारही एकाच बाणात वळून टाकलेत.

आता धागे सोडवू.

वसिली चुइकोव यांच्या ६२व्या आर्मीला १९४३ च्या वसंतात गार्ड्स किताब, म्हणजे लढाईतल्या पराक्रमासाठी दिला जाणारा मान, मिळाला आणि ती ८वी गार्ड्स आर्मी झाली. इथे एक लक्षात ठेवा: आकडा बदलला, पण सेनापती, मुख्यालय आणि बहुतेक तुकड्या त्याच राहिल्या. पुढे ती युक्रेनमधून पश्चिमेकडे लढत गेली. ऑक्टोबर १९४३ मध्ये झापोरिझ्झिया, एप्रिल १९४४ मध्ये ओडेसा, मग पोलंड, आणि शेवटी बर्लिन. १ मे १९४५ च्या पहाटे जर्मन सेनापती क्रेब्स बोलणी करायला आला तो चुइकोव यांच्याच ठाण्यावर.

महायुद्धानंतरची कहाणी जर्मनीतल्या थुरिंगियात सुरू होते. हा प्रांत एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकनांनी घेतला होता. विभागणीचा करार आधीच झालेला असल्यामुळे जुलैच्या सुरुवातीला ते मागे हटले आणि ८वी गार्ड्स आत आली. चुइकोव थुरिंगियाच्या सोव्हिएत लष्करी प्रशासनाचे प्रमुख झाले आणि १९४९ ते १९५३ या काळात जर्मनीतल्या सगळ्या सोव्हिएत फौजांचे सरसेनापती. आर्मीचं मुख्यालय वायमारजवळच्या नोरा या गावी होतं. गटे आणि शिलर या जर्मन कवींच्या गावाच्या वेशीवर स्टालिनग्राडची आर्मी चार दशकांहून जास्त काळ मुक्कामाला होती, हे चित्र मला नेहमीच विलक्षण वाटत आलंय.

ऐंशीच्या दशकात तिच्याकडे चार डिव्हिजन होत्या. २७वी गार्ड्स मोटर रायफल (म्हणजे वाहनांवर स्वार पायदळ) हाले इथे, ३९वी ओर्डरुफला, ५७वी नाउम्बुर्गला आणि ७९वी गार्ड्स टँक डिव्हिजन येनाला. ओर्डरुफ हे तेच गाव, जिथली छळछावणी एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याच्या हाती लागली आणि आयझेनहॉवर स्वतः पाहायला गेले. त्याच परिसरातल्या सराव मैदानावर पुढे सोव्हिएत रणगाडे फिरू लागले.

या डिव्हिजनच्या वंशावळी तपासल्या की स्टालिनग्राड खरोखरच सापडतं. ३९वी 'लाल ऑक्टोबर' पोलाद कारखान्यात लढलेली. ७९वीचं मूळ तर प्रसिद्ध स्नायपर वसिली झाइत्सेव ज्या २८४व्या रायफल डिव्हिजनमध्ये होता, तिच्यात आहे. ती गार्ड्स झाली तेव्हा ७९वी झाली, युद्धानंतर यांत्रिक डिव्हिजन झाली, मग टँक डिव्हिजन झाली. स्टालिनग्राडच्या मामायेव टेकडीवर बंदूक घेऊन पोटावर सरपटणाऱ्यांचा वारस म्हणून येनात टी-८० रणगाड्यांवर बसलेली पोरं. शस्त्र बदललं, काम बदललं, देश बदलला. तरी वंश म्हणून ही सलगता मी मान्य करतो, कारण एका रचनेतून दुसरी थेट घडलेली आहे. मध्ये कुठे भोक नाही.

काम काय होतं? नकाशावर थुरिंगिया पाहा. पूर्व जर्मनीचा हा कोपरा पश्चिमेकडे पोटासारखा पुढे आलेला आहे, आणि त्याच्या समोर फुल्डा. तिथून फ्रँकफर्ट शंभरएक किलोमीटर. डोंगरांमधून रणगाड्यांना सोयीची वाट इथून जाते, तीच नाटोच्या भाषेतली फुल्डा गॅप. समोर अमेरिकेची ५वी कोअर होती आणि तिच्या पुढे सीमेवर पहारा देणारी ११वी आर्मर्ड कॅव्हलरी रेजिमेंट. कॉलिन पॉवेल तरुणपणी या भागात लेफ्टनंट होते आणि १९८६ मध्ये याच ५व्या कोअरचे सेनापती झाले. दोन पिढ्यांचे अमेरिकन अधिकारी ८वी गार्ड्स कुठून कशी येईल याचा हिशेब मांडत नोकरी करून निवृत्त झाले. ती कधी आली नाही.

तेव्हा "पन्नास वर्षं काय करत होती" याचं प्रामाणिक उत्तर 'तयारी' असं आहे. सराव, गोळीबार, रात्री-अपरात्री सावधानतेची घंटा वाजली की ठरलेल्या वेळात छावणी रिकामी करून जंगलात जाणं, परत येणं, वाहनं धुणं. १९६७ च्या कायद्याने सोव्हिएत भूदलात सक्तीची सेवा दोन वर्षांची झाली आणि भरती वर्षातून दोनदा होऊ लागली. याचा अर्थ दर सहा महिन्यांनी पाव भाग जवान घरी जायचे आणि तितकेच कोरे यायचे. दोन वर्षांत एकही जुना शिपाई उरत नसे. अधिकारीही काही वर्षांनी बदलून जात. स्टालिनग्राडची परंपरा तिथे होती ती संग्रहालयाच्या खोलीत, निशाणावर आणि पथसंचलनाच्या भाषणात. वायमारच्या बाजारात तर तीही दिसत नव्हती, कारण साध्या शिपायाला छावणीबाहेर मोकळं फिरायची मुभा क्वचितच मिळायची.

एक विषयांतर. हे सगळं आपल्याला कळलं कसं? बरीच माहिती पॉट्सडॅममधल्या पाश्चात्त्य लष्करी संपर्क पथकांमुळे. १९४६-४७ च्या करारांनी ब्रिटन, अमेरिका आणि फ्रान्सला पूर्व जर्मनीत गाडीने फिरायची मुभा होती. ही माणसं रेल्वे रुळांशेजारी झुडपात बसून गाडीवरचे रणगाडे मोजायची, वाहनांवरच्या खुणा आणि नंबर टिपायची, सरावानंतर मागे राहिलेले कागद गोळा करायची. शीतयुद्धातली सोव्हिएत तुकड्यांची ठिकाणं आज इतकी नेमकी माहीत आहेत त्यात या चिकाटीचा वाटा मोठा. युक्रेन युद्धातल्या आकड्यांवर मी इतका विश्वास का ठेवत नाही, ते पुढे सांगतो.

मग भिंत पडली. ऑक्टोबर १९९० च्या करारानुसार फौजा १९९४ अखेर परत न्यायच्या होत्या. प्रत्यक्षात ३१ ऑगस्ट १९९४ ला शेवटचा निरोप झाला. जर्मनीने बारा अब्ज मार्क दिले, शिवाय तीन अब्जांचं बिनव्याजी कर्ज. त्या बारातले ७.८ अब्ज परतणाऱ्या अधिकाऱ्यांच्या घरांसाठी होते. या एका आकड्यातच परतीचं दुखणं दिसतं. फौज परत आणणं सोपं, तिला ठेवायचं कुठे? त्यात मधल्या काळात खुद्द देशच फुटला. ३९वी डिव्हिजन युक्रेनमधल्या बिला त्सेर्क्वाला पाठवली गेली आणि तिथेच तिचा शेवट झाला. २७वी ओरेनबुर्गकडे तोत्स्कोयेला गेली. ५७वी जर्मनीतच मोडली. अर्ध्या शतकाचं कुटुंब तीन दिशांना पांगलं.

मुख्यालय आणि निशाण मात्र व्होल्गोग्रादला गेलं. म्हणजे जुन्या स्टालिनग्राडला. चुइकोव १९८२ मध्ये वारले, त्यांना मामायेव टेकडीवर पुरलेलं आहे. आर्मी आपल्या सेनापतीच्या कबरीपाशी परतली. कुणालाही भरून येईल असा योगायोग. पण डिव्हिजनचा धागा तपासला की चित्र वेगळं दिसतं. व्होल्गोग्रादला तिच्या हाताखाली प्रमुख म्हणून २०वी गार्ड्स मोटर रायफल डिव्हिजन आली. ही जर्मनीत ग्रिमा इथे होती, १ल्या गार्ड्स टँक आर्मीत. तिचा वंश ८व्या गार्ड्स मेकॅनाइज्ड कोअरचा. आकडा आठच, पण घराणं निराळं! तेव्हा १९९३ साली घर स्टालिनग्राडचं, नाव चुइकोवचं आणि राहणारे दुसऱ्याच कुटुंबातले, अशी स्थिती होती. त्याच वर्षी आर्मीचा दर्जा उतरवून तिची ८वी गार्ड्स कोअर केली गेली.

या कोअरचे सेनापती लेव रोखलिन. डिसेंबर १९९४ मध्ये चेचन्यात फौजा गेल्या तेव्हा तिथली राजधानी ग्रोझनीवर चालून गेलेल्या ईशान्येकडच्या गटाचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. ३१ डिसेंबरला शहरात शिरलेल्या मायकोपच्या १३१व्या ब्रिगेडची आणि ८१व्या रेजिमेंटची रेल्वे स्थानकाच्या परिसरात धूळधाण उडाली, ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. रोखलिन यांनी वेगळी वाट धरली. रस्त्यावर ठाणी सोडत, मागची वाट उघडी राखत ते अन्नप्रक्रिया कारखान्यापर्यंत गेले आणि तिथे पाय रोवले. पुढच्या तीन आठवड्यांची लढाई त्या पायावर उभी राहिली. शिकवताना मी हा प्रसंग कधी गाळत नसे. एकाच फौजेच्या, एकाच दिवशी, एकाच शहरात शिरलेल्या तुकड्या, आणि फरक पडला तो मागच्या वाटेची काळजी घेण्यात.

रोखलिन यांनी नंतर 'रशियाचा वीर' हा किताब नाकारला. आपल्याच देशाच्या भूमीवरच्या लढाईत मिरवण्यासारखं काही नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९९५ मध्ये ते ड्यूमात, म्हणजे रशियन संसदेत, निवडून आले, संरक्षण समितीचे अध्यक्ष झाले, मग सत्ताधाऱ्यांशी बिनसलं. १९९८ मध्ये कोअर बरखास्त झाली आणि ३ जुलै १९९८ ला रोखलिन त्यांच्या घरात गोळी लागून मेलेले सापडले. खटला त्यांच्या पत्नीवर चालला. या दोन घटनांची सांगड घालून कटकारस्थानाच्या कथा रशियात भरपूर आहेत. मी त्यात पडत नाही. १९९८ मध्ये रशियाची तिजोरी रिकामी होती आणि पुष्कळ रचना मोडल्या जात होत्या. एका कोअरच्या मरणाला तेवढं कारण पुरेसं आहे.

इथे बाण तुटतो. नंतरच्या जवळपास दोन दशकांत ८वी गार्ड्स आर्मी नावाचं काहीही अस्तित्वात नव्हतं. २०वी डिव्हिजनसुद्धा २००९ च्या सुधारणांत आकसून ब्रिगेड झाली.

२०१४ नंतर रशियाने पश्चिम आणि नैर्ऋत्य सीमेवर पुन्हा डिव्हिजन आणि आर्मी उभ्या करायला सुरुवात केली. २०१७ मध्ये रोस्तोव प्रांतातल्या नोवोचेर्कास्क इथे ८वी गार्ड्स आर्मी नव्याने उभी राहिली. तिथून डोनबास जवळ, आणि डोनेत्स्क-लुहान्स्कमधल्या रशियाधार्जिण्या फुटीरवाद्यांच्या दोन कोअरची सूत्रंही तिच्याकडेच होती असं युक्रेन आणि पाश्चात्त्य अभ्यासक सांगत आले आहेत. व्होल्गोग्रादची २०वी २०२१ मध्ये पुन्हा डिव्हिजन झाली. आणि आर्मीची मुख्य ताकद म्हणून १५०वी मोटर रायफल डिव्हिजन नव्याने उभारली गेली. तिचा किताब 'इद्रित्सा-बर्लिन'.

हा किताब ऐकून कान टवकारायला हवेत. मूळची १५०वी म्हणजे बर्लिनमधल्या राइशस्टाग या संसद भवनावर विजयाचं निशाण फडकवणारी. पण ती ३ऱ्या शॉक आर्मीत होती. चुइकोव यांच्या हाताखाली नव्हेच. बर्लिनमध्ये दोघी वेगवेगळ्या दिशांनी घुसल्या होत्या. शिवाय मूळची १५०वी १९४६ मध्येच मोडली गेली. म्हणजे २०१७ च्या ८व्या गार्ड्स आर्मीत एका मेलेल्या आर्मीचं नाव आणि तिच्याशी कधी संबंध नसलेल्या, त्याहून आधी मेलेल्या डिव्हिजनचं नाव एकत्र आणलेलं आहे. १९४३ साली माणसं तीच होती आणि आकडा बदलला. २०१७ साली आकडा तोच आला आणि माणूस एकही जुना नव्हता.

मग "तीच आर्मी का?" कोण विचारतंय त्यावर आहे. रशियन सरकारी दृष्टीने होय, कारण किताब आणि वारसा देण्याचा अधिकार त्यांचा आणि त्यांनी तो दिला आहे. वंशावळ जुळवणाऱ्याच्या दृष्टीने १९४२ ते १९९८ होय, पुढे नाही. १९९३ ते ९८ या पाच वर्षांबद्दल वाद घालता येईल, कारण मुख्यालय खरं होतं पण हाताखालची फौज उसनी. माझा कौल तिथेही 'होय'कडे आहे, कारण आर्मी म्हणजे आधी मुख्यालय. आणि समोर खंदकात बसलेल्या युक्रेनी सैनिकाच्या दृष्टीने या वादाला काडीचीही किंमत नाही.

त्याच्या दृष्टीने किंमत असलेली एक गोष्ट मात्र आहे. वर सांगितलेल्या जुन्या डिव्हिजनचे युद्धकालीन किताब पाहा. ३९वी 'बार्व्हेन्कोवो', ७९वी 'झापोरोझ्ये', ५७वी 'नोवोबुग', २७वी 'ओम्स्क-नोवोबुग'. ओम्स्क वगळता ही सगळी युक्रेनमधली गावं, जर्मनांकडून सोडवली म्हणून मिळालेली. २०२२ मध्ये त्याच नावाची आर्मी मारिउपोलवर चालून गेली.

आता मघाशी राहिलेलं, सध्याच्या बातम्यांबद्दल. मार्च २०२२ मध्ये युक्रेनने जाहीर केलं की ८व्या आर्मीचे सेनापती मोर्द्विचेव मारले गेले. जगभर छापून आलं, आपल्याकडेही आलं. काही दिवसांत ते चालते-बोलते व्हिडिओत दिसले, आणि २०२५ मध्ये तर रशियन भूदलाचे सरसेनापती झाले. झुडपात बसून रणगाडे मोजणाऱ्यांची माहिती अनेक वर्षं, अनेक डोळ्यांनी तपासलेली असायची. आजची युद्धातली माहिती त्याच दिवशी, एका बाजूकडून येते. म्हणून चालू युद्धातल्या कोणत्या डिव्हिजनचं किती नुकसान झालं, वगैरे विचारलंत तर मी आकडा देणार नाही.

तुम्हाला व्हिडिओतला तो बाणाचा तक्ता दुरुस्त करायचा असेल तर एवढं करा. ६२वी ते ८वी गार्ड्स, १९४३, ठळक रेघ. वायमार-नोरा ते व्होल्गोग्राद, १९९३, ठळकच रेघ, पण खाली 'डिव्हिजन बदलल्या' अशी टीप. १९९८ ला फुली. २०१७ ला तुटक रेघेने नवी चौकट, ठिकाण नोवोचेर्कास्क. आणि १५०व्या डिव्हिजनची रेघ ८व्या गार्ड्सकडे न नेता मागे ३ऱ्या शॉक आर्मीकडे न्या, तिथेही १९४६ ला फुली मारून.